पॉलिटेक्निकला प्रवेश हवाय? मग काहीही वाचू नका

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, गुणपत्रिकेचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरवून झाला. आता पोराला डिप्लोमाला घालायचं ठरलंय ना? उत्तम. मग पहिलं पथ्य असं की तंत्रशिक्षण संचालनालयाची माहिती पुस्तिका चुकूनसुद्धा उघडायची नाही. ती संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि फुकटात मिळणाऱ्या गोष्टीत काय राम असणार? त्यापेक्षा सोसायटीतल्या काकांना विचारा. त्यांचा मुलगा डिप्लोमा करून चाकणला लागलाय, म्हणजे काका या विषयातले अधिकारी पुरुष. नियम दरवर्षी बदलतात, काका बदलत नाहीत.

दाखल्यांची घाई करू नका. नॉन-क्रिमीलेअर फाईलमध्ये आहेच की! त्यावरची मुदत 31 मार्चला संपलीय, पण एवढं कोण बघतंय? ईडब्ल्यूएसचा दाखला चालू वर्षाचाच लागतो, तर लागू दे. निकालानंतर अख्खा तालुका सेतूत उभा असतो, तुम्हीही जा, जुने मित्र भेटतील. सर्व्हर डाऊन असेल, साहेब मीटिंगला गेलेले असतील. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं 500 रुपयांचं मुद्रांक शुल्क 2025 मध्ये सरकारने माफ केलं. तरीही बाहेरच्या टेबलवाल्याने स्टॅम्प पेपर मागितला तर निमूट आणून द्या. त्यालाही पोरंबाळं आहेत.

शाखा कोणती? कॉम्प्युटर. पोराला विचारायची गरज नाही.

कॉलेज निवडताना बस एसी आहे का एवढंच बघा. वर्कशॉपमधलं लेथ चालतं का, असले प्रश्न विचारून समोरच्याला अडचणीत आणू नये.

टीएफडब्ल्यूएस नावाच्या 5 टक्के जादा जागा असतात, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर त्यात शिक्षण शुल्क माफ होतं. त्या जागांच्या चॉइस कोडच्या, म्हणजे फॉर्मात कॉलेज आणि शाखेसाठी टाकायच्या क्रमांकाच्या, शेवटी ‘टी’ असतो. तो दिसला की नजर दुसरीकडे वळवा.

आता मुख्य मुद्दा. ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, स्वतः भरायचा नाही. नाक्यावरच्या ऑनलाइन सेंटरवाल्याकडे सोपवायचा. आमच्या ताईने यंदा हेच केलं. भाचीला मार्क चांगले, एसटीने तासाभरावर सरकारी तंत्रनिकेतन, तिथला गेल्या वर्षीचा कटऑफ तिच्या मार्कांच्या बराच खाली, फी खासगीच्या मानाने किरकोळ. सरळ रस्ता होता. पण सेंटरवाला म्हणाला, “ताई, तुम्हाला कशाला ओटीपीची कटकट, मी माझाच नंबर टाकतो.” टाकला. पासवर्ड त्याच्या लांबट वहीत, पॅनकार्डवाल्यांच्या आणि पीकविम्यावाल्यांच्या यादीत, लाल पेनाने लिहिला गेला. मेसेज त्याला, लॉगिन त्याचं, पोरगी तेवढी आमची.

जागावाटपाचा पहिला राऊंड लागला तेव्हा कळलं की पहिल्या पसंतीला हायवेवरचं एक खासगी कॉलेज होतं आणि सरकारी तंत्रनिकेतन होतं चौथ्या नंबरावर. पहिल्या राऊंडला पहिलीच पसंती मिळाली की सीट ऑटो फ्रीझ होते. पुढच्या राऊंडांचं दार बंद. ताई विचारायला गेली तर हा म्हणतो, “सरकारीला नंबर लागला नसता, म्हणून सेफ टाकलं.”

सेफ! अरे, कॅपचं, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाचं, मशीन पोरीचा मेरिट नंबर बघतं, तिचा प्रवर्ग बघतं आणि तिच्या पसंतीचा क्रम बघतं. वरून खाली येत जातं, जिथे बसते तिथे थांबतं. वर लिहिलेलं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. म्हणजे सगळ्यात हवं असलेलं कॉलेज सगळ्यात वर लिहायचं, मिळो न मिळो, नुकसान शून्य. हे समजायला डिप्लोमा लागत नाही. त्यालाही ते समजत होतं. त्याच्या प्रिंटरच्या मागे भिंतीवर त्याच हायवेवाल्या कॉलेजचा फ्लेक्स लावलेला होता, नवाकोरा, खाली त्याचाच मोबाईल नंबर आणि ‘प्रवेश मार्गदर्शन केंद्र’ असं ठसठशीत लिहिलेलं. मार्गदर्शन कसलं, दलाली! मे महिन्यात अशी किती कॉलेजं गावोगाव फिरतात, शाळांमधून दहावीच्या मुलांचे फोन नंबर उचलतात, आपल्याच प्राध्यापकांना ॲडमिशनचं टार्गेट देऊन दारोदार पाठवतात, हे कुणाला माहीत नाही? त्या प्राध्यापकांवर मी फारसा चिडतही नाही. बिचाऱ्यांचे पगार थकलेले असतात, टार्गेट नाही झालं तर नोकरी जाते. पण पंधरा वर्षांच्या पोरीची तीन वर्षं विकून कमिशन खाणाऱ्याला काय म्हणायचं?

असो. सल्ले राहिलेत.

कॅपच्या भानगडीत पडूच नका, मॅनेजमेंट कोट्यातून थेट घेतो, असं कुणी म्हणालं तर त्याचे पाय धरा. त्या जागेवर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे तो फी भरल्यावर सांगतो.

मूळ दाखले कॉलेजने ठेवून घेतले तर घेऊ द्या. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, तसं करायला मनाई केलीय, ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर 1000 रुपयांपेक्षा जास्त कापायचे नाहीत असंही सांगितलंय. पण कॉलेजच्या क्लार्कसमोर हे बोलणं बरं दिसतं का?

बारावी सायन्स किंवा दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही बातमी घरातच ठेवा.

आणि सुविधा केंद्रात जाऊ नका. तिथे कागद तपासायला माणसं बसवलेली असतात, सरकारी तंत्रनिकेतनातही असतात, प्रश्न विचारला तर उत्तर देतात. केंद्र खासगी कॉलेजात असेल तर मात्र अवश्य जा, चहा मिळतो, शिवाय इमारत दाखवायला खास माणूस सोबत येतो.

आता सरळच बोलते. गुंठाभर जमीन घ्यायची तर तुम्ही सातबारा चारदा काढता, फेरफार बघता, वकिलाला दाखवता. आणि पोराच्या तीन वर्षांचा अर्ज? तो कन्फर्म करताना समोर बसायलाही तुम्हाला वेळ नाही. “आम्हाला यातलं काही कळत नाही हो.” कळत नाही की कळून घ्यायचं नाही? गेल्या वर्षीचे कटऑफ संकेतस्थळावर पडलेत, पुस्तिकेत राऊंडचे नियम लिहिलेत, मोबाईल तुमच्या हातात आहे आणि त्यावर रोज रात्री काय बघता ते मला सांगायला लावू नका. मुदतवाढीवर मुदतवाढ देणाऱ्या सरकारला शिव्या घालायच्या तर घाला, मीही घालते, पण पसंतीचा क्रम सरकारने नाही भरला. तो तुम्ही परक्याच्या हातात दिलात.

ज्यांचा फॉर्म अजून कन्फर्म व्हायचाय त्यांनी आज संध्याकाळी सेंटरवर जावं. अर्जावरचा मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघावं, दुसऱ्याचा असेल तर सुविधा केंद्रात जाऊन बदलून घ्यावा. पासवर्ड बदलावा. पोराला शेजारी बसवून पसंतीचा क्रम त्याच्या तोंडून वदवून घ्यावा आणि प्रिंट काढून एकेक ओळ ताडून बघावी. सेंटरवाला म्हणेल, “विश्वास नाही का आमच्यावर?” नाही म्हणून सांगा. आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारा, एका ॲडमिशनचे किती मिळतात?