खुलासा: प्रोस्टेटच्या उपचारानंतर पाणी पिणे कमी करू नये
कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाच्या उपचारानंतर वारंवार लघवी होणे म्हणजे कर्करोग उलटला, म्हणून पाणी पिणे कमी करावे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. किरणोपचाराने मूत्राशयाच्या अस्तराला दाह होतो, त्यामुळे थोडी लघवी साठली तरी घाई लागते, आणि हा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. शस्त्रक्रियेनंतरची गळती आटोक्यात यायला मात्र वर्षही लागू शकते. कर्करोगावर लक्ष पीएसए या रक्ततपासणीने ठेवतात. पाणी कमी प्यायल्यास लघवी गडद होऊन जळजळ वाढते, आणि खरी काळजी याचीच आहे. काही कमी करायचेच असेल तर संध्याकाळचा चहा कमी करावा. लघवीतून रक्त गेल्यास, थंडी-ताप आल्यास किंवा लघवी अडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.