खर्चाची पडताळणी कशी होते
उमेदवाराचा निवडणूक खर्च केवळ त्याच्याच कागदांवरून मोजला जातो, असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान अपुरे आहे. निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे हिशेब द्यावा लागतो हे खरे. परंतु प्रचार सुरू असतानाच निवडणूक यंत्रणेची व्हिडिओ पथके सभांमधले मंडप, खुर्च्या, वाहने चित्रित करतात, जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार त्यांची किंमत शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्रणेने स्वतः ठेवलेल्या समांतर नोंदवहीत, नोंदली जाते आणि उमेदवाराची नोंदवही किमान तीनदा त्याच्याशी ताडून पाहिली जाते. माझ्या मते खरी उणीव निराळीच आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा असली, तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. शिवाय नोंदी जुळवता येतील अशा स्वरूपात हव्यात: मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांचे (पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घेतलेल्या रोख्यांचे) क्रमांक जाहीर झाल्यावरच कोणाची देणगी कोणत्या पक्षाला गेली, हे नागरिकांना पडताळता आले.