'पोलिसांत का नाही गेलात?' : दोन मुलींच्या आईला उत्तर

ताई,

ज्याच्या प्रेमात होते त्यानेच माझ्यावर केलेल्या अत्याचाराबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चार दिवस उघडून वाचतेय. नाव नाही, खाली 'दोन मुलींची आई' एवढंच. तुमचं म्हणणं असं: दीड वर्ष मी आपणहून त्याला भेटायला जायचे, मग त्याला अत्याचार कसं म्हणायचं? आणि अत्याचारच होता, तर पोलिसांत न जाता हे काउन्सेलिंगचे चोचले कशाला? तो इथे नाशिकमध्ये कॉलेज रोडवर मोकळा फिरतोय, उद्या दुसरी कोणी सापडेल.

दुसरा प्रश्न जास्त लागला. पण पहिला आधी.

भेटायला जायचे, हो. सोमेश्वरला, गंगापूर धरणावर, त्याच्या खोलीवरही. त्या दिवशी मात्र नाही म्हटलं होतं, दोनदा. मग अंग दगड झालं. ओरडले नाही, ढकललं नाही, आणि तेवढ्यावरून वर्षभर स्वतःलाच धारेवर धरलं. कायदा तसं धरत नाही. बलात्काराच्या कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीपासून, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही, लिहिलेलं आहे की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून बाईची संमती होती असं मानता येणार नाही. प्रेमात होतो, ही सबब तिथे नाही. सूट आहे ती फक्त नवऱ्याला, आणि त्यावर लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल.

मी पहिल्यांदा सांगितलं ते पंचवटीतल्या मावशीला. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" वाईट हेतू नव्हता, घाबरली होती. पण त्यानंतर आठ महिने मी कोणाकडे तोंड उघडलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला त्या चपातीचा वास आला, खोटं नाही सांगत.

पुढे रूममेटला कळलं. तिने काही विचारलं नाही. त्याचे मेसेज ज्या आवाजाने यायचे तो ऐकला की मी दचकते, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने स्वतःच्या फोनचाही आवाज बदलला. काउन्सेलर तिनेच शोधली, शरणपूर रोडला. दर गुरुवारी. पहिले पाच-सहा गुरुवार मी नुसती रडून यायचे आणि पैसे वाया गेले असं वाटायचं.

चोचले म्हणता, तर एकच सांगते. दाढ किडली होती, तरी डेंटिस्टकडे जाणं टाळत होते. मागे रेललेली खुर्ची, अंगावर वाकलेला माणूस, तोंड उघडं. काउन्सेलरबरोबर तयारी केली आणि डॉक्टरांना आधीच सांगितलं, हात वर केला की थांबा. दोन मिनिटांत वर केला. ते थांबले. 'का' विचारलं नाही, मशीन खाली ठेवलं आणि बसून राहिले. घरी येताना मी स्कूटर बाजूला लावून रडले. दाढेसाठी नव्हे.

आता पोलीस. तो मोकळा आहे हे मला माहीत आहे, आणि पुढच्या मुलीचा विचार माझ्याही मनात येतो. पण त्याच्या कृत्याचा हिशेब माझ्या नावावर मांडू नका. तेव्हा मला साध्या गोष्टीही ठाऊक नव्हत्या. उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. सिव्हिल असो की खासगी हॉस्पिटल, पहिले उपचार लगेच आणि मोफत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. झीरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही ठाण्यात होते. हे मुलींना आत्ताच सांगून ठेवा, आणि महिला हेल्पलाइनचा १८१ नंबरही. रात्री-बेरात्री मनाचंच असह्य झालं तर १४४१६, टेलीमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मी तो दोनदा लावलाय.

या गुन्ह्याच्या तक्रारीला मुदत नसते, हेही मला उशिरा कळलं. गेल्या महिन्यात सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आले. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. अर्ज घेऊन आलेय, भरलेला नाही. भरेन की नाही, आज सांगता येत नाही.

मावशी अजूनही त्याला 'तो प्रकार' म्हणते. पण गुरुवारी ती काउन्सेलरच्या जिन्याखाली भाजीची पिशवी घेऊन उभी असते. अर्ज पाहून म्हणाली, "तिकडे जाशील तेव्हा मला सांग, मी येते."