आधी जिना, मग फरशी

शहराच्या जुन्या मध्यभागाच्या पुनरुज्जीवनाचा कुठलाही आराखडा हातात आला की आधी खर्चाचं पान उघडून बघा. फरशी, दिवे, कारंजं, कमानी यांवर किती रक्कम धरली आहे आणि रिकामे पडलेले वरचे मजले पुन्हा राहते करण्यावर किती? दुसऱ्या रकान्यात शून्य असेल तर ते सुशोभीकरण आहे. त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये.

अमेरिकेतल्या कॅलामझू शहराने १९५९ साली आपला मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिला. त्याचं बघून तिथल्या कितीतरी शहरांनी तेच केलं आणि त्यातले बहुतेक रस्ते पुढे ओस पडले. कॅलामझूनेच १९९८ मध्ये त्या रस्त्याच्या काही भागात गाड्या परत आणल्या. फ्रेस्नो शहराचा १९६४ सालचा फुल्टन मॉल हा असाच पादचारी रस्ता २०१७ मध्ये पुन्हा वाहतुकीला खुला झाला. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा स्ट्रोगेट हा पादचारी रस्ता मात्र १९६२ पासून आजतागायत गजबजलेला आहे. झाडं, बाकं, फरशी सगळीकडेच होती. पण कोपनहेगनच्या मध्यभागात आणि त्याला लागून माणसं राहत होती, ती चालत किंवा सायकलने येत होती. अमेरिकेत राहणारे उपनगरांत गेले होते. कचेऱ्या सुटल्या की रस्त्यावर कोण उरणार? नुसत्या दुपारच्या गिऱ्हाइकावर दुकान तगत नाही. त्याला सकाळ, संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवसही लागतो, आणि तो वर राहणारी माणसंच देतात.

मग वरचे मजले रिकामे का पडतात? याचं उत्तर बहुतेक वेळा जिन्यात सापडतं. जुन्या पेठेतली इमारत पाच-सहा मीटर रुंद आणि वीस-पंचवीस मीटर खोल असते. खाली गाळा, वर बिऱ्हाडं, आणि बाजूने रस्त्यावर उघडणारा जिन्याचा दरवाजा. तळमजल्याचं भाडं चढत गेलं की दुकानदाराला दर्शनी भाग रुंद हवा असतो. मग जिन्याचा तो एक मीटर शोकेसमध्ये जातो. वर जायची वाट दुकानातून उरते, भाडेकरू निघून जातात, माळ्यावर खोकी साचतात. पुढे छपराची गळतीही कुणाच्या लक्षात येत नाही.

हे मजले पुन्हा राहते करायचे तर कामं ठरलेली आहेत. रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेश. दुकान आणि घर यांच्यामध्ये आगीला तासभर तरी रोखेल असं छत, कारण जुनी लाकडी तक्तपोशी ते करू शकत नाही. सुटकेचा दुसरा मार्ग, किंवा नियमात बसत असेल तर आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर. पाण्याची आणि मैल्याची नवी उभी लाइन. आणि उजेड: खिडकीपासून सहा-सात मीटरच्या पुढे खोली अंधारी होते, म्हणून मधल्या भागात न्हाणीघर, कोठीची खोली आणि जिना घ्यायचा किंवा छोटा चौक कापायचा. पाच मीटर रुंद इमारतीच्या एकट्या मालकाला हे परवडत नाही. नुसता जिनाच एक-सव्वा मीटर खातो.

म्हणून शेजारच्या दोन-तीन इमारतींनी मिळून एकच जिना करावा, हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी उपाय आहे. अडचण बांधकामाची कमी, कागदाची जास्त. वहिवाटीचा हक्क नोंदवावा लागतो, देखभालीचा वाटा ठरवावा लागतो, सामाईक भिंतीत दार पाडायची परवानगी लागते. एका मालकाची वारसनोंद अडली तरी तिघांचं काम थांबतं. नगर प्रशासनाने खरी मदत इथे करावी: तयार करारनामा, जुन्या इमारतींसाठी पर्यायी अग्निसुरक्षा निकष, आणि सगळं समजणारा एकच अधिकारी. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नने १९९२ साली ‘पोस्टकोड ३०००’ (शहराच्या मध्यभागाचा पिनकोड) योजनेत जवळपास हाच मार्ग धरला. शुल्कात सवलत दिली, तांत्रिक सल्ला दिला, रस्ते सुधारले आणि रिकाम्या कार्यालयांची घरं होऊ शकतात हे करून दाखवलं.

सर्वेक्षणही याच अंगाने हवं. प्रत्येक इमारतीचा प्रत्येक मजला, जिना कुठून आहे, मालक कोण, वहिवाट कुणाची. रिकामे मजले शोधायला वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दारोदार विचारण्यापेक्षा लवकर खरं सांगतात.

पार्किंगचा नियम हे सगळं एका फटक्यात मारू शकतो. एका गाडीला, वळायच्या जागेसकट, पंचवीस ते तीस चौरस मीटर लागतात. दर घराला दोन गाड्यांच्या जागेची सक्ती असेल तर छोट्या घराएवढीच जागा गाड्यांना द्यावी लागते, आणि पूर्ण बांधलेल्या जुन्या भूखंडावर ती आणायची कुठून? बफेलो शहराने २०१७ साली किमान पार्किंगची अट काढून टाकली, ते योग्यच केलं. रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवावा की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा कायम मोकळ्या सापडतील. आणि दुकानासमोरची सगळ्यात सोयीची जागा बऱ्याचदा दुकानदाराची किंवा नोकराचीच गाडी दिवसभर अडवते, हे बाजाराच्या बैठकीत स्पष्ट बोलायला हवं.

तळमजल्याबाबत एकच आग्रह. शंभर मीटरमध्ये पंधरा-वीस दारं असली की चालताना कंटाळा येत नाही. गाळे एकत्र करून लांबलचक काचेची भिंत उभी राहिली की पावलं आपोआप भरभर पडतात. अशा एकत्रीकरणाला मर्यादा घालावी.

फरशी सगळ्यात शेवटी. आधी जमिनीखालचं: जलवाहिनी, मलवाहिनी, केबल, प्रत्येक इमारतीचं जोड. नव्या घरांसाठी लागणारी वाढीव क्षमता त्याच वेळी टाकावी, नाहीतर दोन वर्षांत तीच फरशी उखडली जाते. झाडांचंही तसंच. मीटर-सव्वा मीटरच्या चौकोनी आळ्यात, चारी बाजूंनी दाबलेल्या मुरमात, झाड काही वर्षं तग धरतं आणि मग शेंड्याकडून वाळायला लागतं. मुळांना फरशीखाली सलग चर द्यावा, त्यात खडी आणि मातीचं मिश्रण भरावं, म्हणजे वरचा भार खडी पेलते आणि मुळं फटींतून पसरतात.

खोदाई पन्नास-साठ मीटरच्या टप्प्यांत करा. दोन्ही बाजूंचे फूटपाथ एकाच वेळी कधीही बंद करू नका, आणि एका टप्प्यावर माती सारखी करून दारं मोकळी झाल्याशिवाय पुढचा टप्पा उकरू देऊ नका. ही अट निविदेतच, दंडासकट हवी. काम सुरू झाल्यावर ती कुणी मान्य करत नाही, आणि तोवर चार महिने धूळ खाऊन दोन-तीन गाळ्यांची शटर कायमची खाली आलेली असतात.