भाड्याच्या घराला चालेल असं

‘स्वतःच्या घरासाठी की भाड्याच्या?’ दुकानदाराने विचारलं. मी ‘भाड्याच्या’ म्हणालो आणि माझ्यापुढे ठेवलेला पितळी मॉर्टिस लॉकचा (दाराच्या जाडीत बसणाऱ्या कुलपाचा) खोका त्याने दोन बोटांनी परत स्वतःकडे ओढून घेतला. मग खाली वाकून कुठूनतरी एक कुलूप काढलं, त्याच्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, ‘हे न्या. भाड्याच्या घराला चालेल.’

त्या फुंकरीचा राग अजून उतरलेला नाही.

माझी अडचण तशी साधी होती. एक खोली-स्वयंपाकघराची जागा, भाडेकरू नुकताच सोडून गेलेला. माणूस सज्जन, भाडं वेळेवर. फक्त जाताना त्याने दिलेल्या जुडग्यातली एक किल्ली आमच्या दाराची नव्हतीच. आमची कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, ‘मित्राकडे असेल बहुतेक. नाहीतर त्याच्या मित्राकडे.’ म्हणजे कर मी भरायचा, गळती मी काढायची आणि किल्ली फिरणार भलत्याच्याच खिशात.

त्यामुळे मला कुलूप मजबूत नको होतं, बदलता येणारं हवं होतं. पूर्ण कुलूप नव्हे, नुसता सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो गाभा. दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा, किल्ली किंचित फिरवायची, जुना सिलिंडर बाहेर, नवा आत. सुतार नको, रंधा नको. जुन्या किल्ल्या कोणाकडे का असेनात! हे मी दुकानदाराला समजावत होतो आणि ऐकत होते शेजारचे एक काका. ते बिजागरीचा एक स्क्रू घ्यायला आले होते. स्क्रू मिळाला होता, पैसे देऊन झाले होते, तरी हलत नव्हते.

‘वजन बघा, वजन,’ काका म्हणाले. त्यांनी ते फुंकर मारलेलं कुलूप तळहातावर तोललं, कानाशी नेऊन हलवलं, डोळे मिटले. ‘पोकळ आहे. आमच्याकडे वडिलांच्या वेळचं कुलूप होतं. कोणाची छाती नाही उघडायची.’

‘अजून आहे?’ मी विचारलं.

‘आहे की. बंद आहे. किल्ली हरवली.’

‘आणि दार?’

‘दार तोडावं लागलं. पण कुलूप बघा, जसंच्या तसं!’

लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याचं एक कुलूप ‘उघडून दाखवा आणि २०० गिनी न्या’ अशा पाटीसह दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं लटकत होतं. १८५१ साली हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपला बिचारा. आमच्या काकांनी चौकटीसकट विषय संपवला असता.

मग दुकानदाराने ‘एकदम सेफ’ म्हणून दुसरा नमुना काढला. आतूनही किल्ली, बाहेरूनही किल्ली. मी म्हटलं, आतून नॉबच हवा. रात्री आग लागली तर माणूस धुरात किल्ली शोधत बसेल का?

‘आत असतं काय जळायला?’ काकांनी विचारलं. ‘रिकामी जागा ना?’

‘आज रिकामी आहे. उद्या माणूस राहणार त्यात.’

‘भाडेकरू ना?’ काका म्हणाले, आणि दुकानदाराने समजूतदारपणे मान हलवली.

इथे माझी गंमत संपली. भाड्याच्या घराला चालेल असा नळ, चालेल असा रंग, चालेल असा पंखा. सगळ्या बाजारात या नावाचा एक वेगळा खालचा कप्पाच आहे. आणि पुन्हा घरमालक चिकट म्हणून बोंब! मी पैसे हातात धरून उभा आहे, तर मला बरी वस्तू कोणी दाखवायला तयार नाही. त्या दारामागे झोपणाऱ्याच्या जिवाला काय वेगळी किंमत असते?

अखेर सिलिंडर निघाले. मी मापाचा कागद पुढे केला: स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला ३० मिलिमीटर, आतल्या बाजूला ४०. दुकानदाराने ३५-३५ ठेवला. ‘पाच मिलिमीटरने काय होतंय?’ होतं असं, की सिलिंडर दाराबाहेर तेवढा डोकावतो, चोराच्या पकडीत सापडतो, आणि स्क्रूच्या भोकाशी, जिथे तो सगळ्यात नाजूक, तिथे मोडतो. मग आतल्या पिना सहा असोत की साठ, चोराला किल्लीची गरजच उरत नाही. एवढं बोलेपर्यंत मला धाप लागली. ‘मागवावा लागेल,’ तो म्हणाला, मोठा उपकार केल्यासारखा, आणि आगाऊ पैसे मोजून घेतले.

मी पावती घडी करत होतो, तर काका जवळ सरकले. जागा कुठल्या मजल्यावर, पाणी किती वेळ, ऊन येतं का, भाडं किती. भाच्यासाठी हवी होती म्हणे. मी आकडा सांगितला.

काकांनी हातातला स्क्रू खिशात टाकला आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘एवढं भाडं घेता, मग कुलूप तरी जरा बरं बसवा की हो!’