सरकलेलं भिंग आणि फिरता सल्ला

'डोळ्यातलं भिंग सरकलं असेल तर चष्म्यावर पैसे घालवू नका. रोज त्राटक करा, भिंग जागेवर येतं. नाहीच आलं तर ऑपरेशन; पण मूल १८ वर्षांचं होईपर्यंत थांबा.' व्हॉट्सॲपवर हा मजकूर जोरात फिरतोय.

त्राटकाचं आधी उरकतो. भिंग बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. ते तुटले किंवा मुळातच कच्चे असले की भिंग सरकतं. टक लावून बघितल्याने ते सांधले जात नाहीत.

चष्म्याचं प्रकरण जरा गमतीचं आहे. भिंग थोडंच ढळलं असेल, तर त्याच्या कडेजवळून बघताना मायनस आणि भलामोठा सिलिंड्रिकल (ठरावीक दिशेतच लागणारा) नंबर येतो. त्याच बाहुलीच्या, भिंग नसलेल्या मोकळ्या भागातून बघितलं, तर साधारण प्लस १० ते १२. एका डोळ्याला दोन नंबर! नुसत्या कॉम्प्युटरच्या तपासणीवर इथे भागत नाही. रेटिनोस्कोपने (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायचं हातातलं उपकरण) दोन्ही भाग तपासायचे, दोन्ही नंबर आळीपाळीने घालून तक्ता वाचायला लावायचा, मग ठरवायचं. एवढी उठाठेव न करता दिलेला चष्मा लागू पडला नाही, तर तो दोष चष्म्याचा कसा? एकाच डोळ्याला जाड प्लस नंबर असेल, तर दोन डोळ्यांना प्रतिमा लहानमोठ्या दिसतात. तिथे कॉन्टॅक्ट लेन्स बरी.

भिंगाची कड बाहुलीच्या मधोमध आली, की मात्र एकाच डोळ्याने दोन-दोन दिसू लागतं आणि चष्मा हात टेकतो. तिथे ऑपरेशनचा विचार रास्तच. भिंग पुढे येऊन बाहुलीत अडकलं आणि डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर एक रात्रही काढू नये.

सगळ्यात घातक सल्ला १८ वर्षांचा. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. तोवर त्याला धूसरच चित्र मिळालं तर डोळा 'आळशी' होतो, आणि पुढे कितीही सुबक ऑपरेशन केलं तरी नजर पुरती येईलच असं नाही. म्हणून चष्मा आत्ताच; गरज पडली तर शस्त्रक्रियाही.

मार न लागता दोन्ही डोळ्यांतली भिंगं सरकली असतील, तर कारण मार्फान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असू शकतं. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी फुगते, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. दुसरी शक्यता होमोसिस्टिन्युरिया या चयापचयाच्या आनुवंशिक विकाराची. त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून त्या विकाराची रक्ततपासणी भूल देण्याआधी व्हायला हवी.