पुढच्या बाकावरून उठवलेली आजी

गेल्या नाताळची गोष्ट. लिहू की नको करत दहा महिने गेले.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) नाताळच्या उपासनेला इतकी गर्दी होते की बाहेर मांडव घालावा लागतो. पुण्या-मुंबईला गेलेली सगळी पोरं, सुना, नातवंडं त्या दिवशी गावाला असतात. मी तरुण संघातला (वय सत्तेचाळीस, पण आमच्याकडे तरुण संघातून कुणी निवृत्त होत नाही), त्यामुळे बसायची व्यवस्था माझ्याकडे. सव्वादहाला एक पोरगा धावत आला, "दादा, साहेब निघालेत, दहा मिनिटांत पोचतात." साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. दरवर्षी येतात, शाल-नारळ घेतात, दोन मिनिटं शुभेच्छा देतात, फोटो होतो, निघतात. बरोबर सात-आठ कार्यकर्ते. त्यांच्यासाठी पुढचे बाक रिकामे करायचे होते.

केले. एका बाकाच्या टोकाला एक आजी बसल्या होत्या. मांडीवर गीतांचं पुस्तक, पायाशी कापडी पिशवी. चर्च झाडायला येतात, कित्येक वर्षं. मी म्हटलं, "आजी, जरा मागं बस ना, पाहुणे येतायत." त्या म्हणाल्या, "मागं मला ऐकू येत नाही रे." मी म्हटलं, "थोडाच वेळ." साहेब वीस मिनिटांत गेले. त्यांच्या रिकाम्या जागेवर पोरासोरांनी उड्या मारल्या, आणि आजी शेवटपर्यंत दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर राहिल्या.

घरी येऊन जेवताना मला खटकलं ते उठवणं नव्हे, तो 'बस'. आजीला 'तू' म्हणणं आपल्यात प्रेमाचंही असतं, माझ्या सख्ख्या आजीला मी जन्मभर तूच म्हटलं. पण आमच्या पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) आईंनाही मी आजीच म्हणतो, आणि त्यांना 'बसा' म्हणतो. दोन्ही आज्या एकाच वयाच्या. माझ्या तोंडाने परस्पर निवाडा करून टाकला होता, मला न विचारता.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 2 रा अध्याय आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलाय. सभेत दोन माणसं येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे, दुसरा मळक्या कपड्यांतला. पहिल्याला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला सांगतात उभा राहा, नाहीतर इथं माझ्या पायाशी बस. मराठी माणसाच्या तोंडी ही दोन वाक्यं घाला. 'आपण इथं बसा ना' आणि 'ए, तू तिथं उभा राहा.' आपसूक तशीच निघतील. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोघांनाही एकच 'सू' आहे, कारण त्या ग्रीकला एकट्या माणसासाठी 'आपण' आणि 'तू' असा भेद ठाऊकच नाही. तिथं अपमान फक्त जागेत आहे. आपल्याकडे तो क्रियापदातसुद्धा बसलाय. म्हणजे याकोबाने जे सांगितलं ते पाळायला ग्रीक माणसाला एक खुर्ची हलवावी लागायची, आपल्याला अख्खं व्याकरण.

आणि मग 'मान' हा शब्द. पेत्राच्या पहिल्या पत्रात, 2 ऱ्या अध्यायात, चार छोट्या आज्ञा ओळीने येतात: सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचे भय धरा, राजाचा मान राखा. मी हे लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं आणि बक्षीस म्हणून पेन्सिल मिळवली. तेव्हा लक्षात आलं नाही की हे मराठीत जवळपास अशक्य वाक्य आहे. आपल्याकडचा मान नंबराने चालतो. मानाचा पहिला गणपती असतो, मानाची पालखी असते, लग्नात मानाचं पातळ आधी कुणाला यावरून सोयरीक मोडायची वेळ येते. मान म्हणजे कुणाच्या तरी आधी कुणीतरी. सगळ्यांना दिला तर तो मान कसला, तो प्रसाद झाला! पण पेत्र नेमकं तेच म्हणतो. त्याने 'सर्वांना' साठी आणि 'राजा'साठी एकच क्रियापद वापरलंय. राजा म्हणजे रोमचा बादशहा. त्याच्या वाट्याला जे येतं तेच झाडूवालीच्या वाट्याला, शब्दही तोच. भय मात्र एकट्या देवाचं, राजाचं नाही.

आमचं काय झालंय, आदर हा विषय निघाला की आम्ही वर बघतो. आईबापांचा मान राख, पाळकांचा राख, वडीलमंडळींचा राख. तेवढं आम्ही चोख करतो, खाली बघायचं राहून जातं. येशू एका परुश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी जेवायला गेला तेव्हा पाहुणे मानाच्या जागा पटकावताना त्याने पाहिलं आणि तिथंच बोलला, हे लूकने 14 व्या अध्यायात लिहून ठेवलंय. आमच्या लग्नांच्या पंगतीत तो आला असता तर बराच वेळ बोलत राहिला असता.

इथं एक मित्र नेहमी आडवा येतो. "प्रभूने स्वतः परुश्यांना सापांची पिल्लं म्हटलं, चुना लावलेली थडगी म्हटलं, हेरोदाला कोल्हा म्हटलं. मग आम्ही फेसबुकवर चार शब्द सुनावले तर बिघडलं कुठं?" प्रश्न बरोबर आहे. डोंगरावरच्या प्रवचनात भावाला 'मूर्खा' म्हणणाऱ्याला नरकाग्नी सांगणारा येशू मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 23 व्या अध्यायात शास्त्र्यांना तोच शब्द ऐकवतो, ग्रीकमध्येही तोच. माझं उत्तर असं की हे कडक शब्द कुणासाठी निघालेत ते बघा. ज्यांना सभास्थानात पुढची आसनं आवडतात, बाजारात लोकांनी वाकून नमस्कार केलेला आवडतो, गुरुजी म्हणवून घ्यायला आवडतं, त्यांच्यासाठी. तोंड वरच्या दिशेने सुटलंय. आमचं कायम खालच्या दिशेने सुटतं. परक्या वंशाची कनानी बाई मदत मागायला आली तेव्हा येशू म्हणाला, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकू नये; तो कुत्र्यांचा उल्लेख मात्र या हिशेबात बसत नाही, आणि तो बसवायला मी आजवर ऐकलेले सगळे संदेश (चर्चमधली प्रवचनं) मला जरा कसरतीचे वाटलेत.

मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एक ओळ आहे: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. ऐकूच येत नाही त्याला शिवी दिली तर त्याचं काय जातं? काहीच नाही. तरी गुन्हा आहे. पाठीमागे, दुसऱ्या ग्रुपवर, तो नसताना बोललेलं सगळं यात आलं. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर पेंटेकॉस्टल पंथाच्या लोकांना 'हालेलुयावाले' म्हणून जे काही चालतं ते यात आलं, ते आमच्याबद्दल काय बोलतात तेही आलं. आणि संदेश देता देता शेजाऱ्यांच्या देवांवर मारलेले टोमणेही आले. आम्हाला कुणी 'राईस बॅग' (तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदललेले) म्हटलं की पोटात खड्डा पडतो (मला अजून पडतो), आणि मग आमच्यातलेच काही माईक हातात आला की तसंच बोलतात. इफिस शहरात अर्तमी देवीवरून दंगल पेटली तेव्हा प्रेषित पौलाच्या सोबत्यांना वाचवणारं वाक्य नगराच्या चिटणीसाच्या तोंडी आहे, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात. तो जमावाला सांगतो, या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. हे प्रशस्तिपत्र ख्रिस्ती माणसाने दिलेलं नाही. आज आमच्या गावातला ग्रामसेवक आमच्याबद्दल असं छातीठोक सांगेल?

जातीचं तर बोलूच नये. तमिळनाडूत वडक्कनकुळमला एकोणिसाव्या शतकात बांधलेलं चर्च विजारीसारखं आहे. वेल्लाळ जातीसाठी एक दालन होतं, शाणार जातीसाठी दुसरं, वेदी मध्ये, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसायला नको. याकोबाच्या त्या अध्यायाला विटा लावून दिलेलं उत्तरच ते. आणि हे जुनं झालं म्हणावं तर 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेला आपल्या दलितांविषयीच्या धोरणात मंडळीत भेदभाव आहे हे लिहून कबूल करावं लागलं. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे भिंत नाही. आमच्याकडे स्थळ बघताना हळूच "मूळचे कुठले तुम्ही?" विचारतात.

बरं, आजींचं काय झालं. नवीन वर्षाच्या उपासनेनंतर मी त्यांच्याकडे गेलो. वेदीवर दान ठेवायच्या आधी भावाशी समेट कर असं वचन आहे, तर मी दान टाकून मग गेलो, तेही उलटंच. म्हटलं, "आजी, नाताळला तुम्हाला उठवलं, माझं चुकलं." त्यांनी कानामागे हात धरला. मी मोठ्याने पुन्हा म्हटलं, आजूबाजूच्या चारजणांनी ऐकलं. त्या हसल्या. "मला कधीपासून अहो म्हणायला लागलास? कुणी शिकवलं?" माफीचं त्यांनी काही ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी पुढच्या बाकाचं टोक त्यांच्यासाठी धरून ठेवतो. दोनदा हात धरून आणायला गेलो. त्या दाराजवळच बसतात, म्हणतात इथं वारा येतो. पेटी तिथून ऐकू येत नाही त्यांना, त्यामुळे गाणं पाठ असूनही एक ओळ मागे असतात. सगळी मंडळी आमेन म्हणून खाली बसते, आणि मागून त्यांचा एकटीचा आवाज शेवटची ओळ म्हणत राहतो.